दहा हजारांत दोन

तार्तूच्या प्रयोगशाळेत, सदतीस अंशांवर,
मी पेशी वाढवते. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या.
गुलाबी पाण्यात त्या दाटून बसतात,
थंडीतल्या मेंढ्यांसारख्या, अंगाला अंग लावून.

मग मी थेंब सोडते.
औषध नव्हे. औषधासोबत बाटलीत राहणारा राखणदार,
दहा हजारांत दोन भाग,
उघड्या बाटलीत जंतू शिरू नयेत म्हणून
डोळ्यांत तेल घालून जागणारा.
जंतूचं कातडं कुठलं, पेशीचं कुठलं,
त्याला कळत नाही.
साबण तुपाला सोडवतो, तसा तो दोन्ही सोडवतो.

कडेच्या पेशी आधी हात सोडतात.
गोल होतात. तरंगतात.
जिवंत ते हिरवं, मेलेलं ते लाल;
मी मोजते, वहीत लिहिते, दिवा बंद करते.

शनिवारी बसने विल्यांदी.
बाबा, एंडेल, अठ्ठ्याहत्तर,
जन्मभर आगपेट्यांच्या कारखान्यात यंत्रं सांभाळली.
त्यांना काचबिंदू आहे. नावात काच,
पण तो काचत नाही, गुपचूप नजर खातो.
काचतो तो रात्रीचा थेंब.
"डोळ्यांत वाळू," असं ते कधी म्हणत नाहीत.
म्हणतात, "ठीक आहे."
आणि फ्रिजच्या दारात
महिनाभराची बाटली, नाताळात आणलेली,
मार्च सरला तरी अर्धी.

मी बाटलीला हलवून बघितलं. बोलले नाही.
कुंपण शेत खातं हे मला ठाऊक होतं,
रोज मोजत होते की.
शेत आमचंच निघेल, एवढंच सुचलं नव्हतं.

पुढच्या वेळी राखणदाराशिवायचं औषध नेलं.
बोटाच्या पेराएवढ्या नळ्या, एका वेळेपुरत्या.
मोडायची, डोळ्यांत सोडायची, फेकायची.
बाबांनी किंमत विचारली.
मी खोटी सांगितली.

तीन आठवड्यांनी गेले तर
त्यांच्या डोळ्यांतली लाली उतरलेली,
आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत, अंड्याच्या कपात
उभी करून ठेवलेली कालची नळी,
तोंड उघडं,
वर वर्तमानपत्राच्या कागदाची इवलीशी टोपी.

"अजून एक रात्र निघेल त्यात," बाबा म्हणाले.
"फेकायची कशाला?"

ते चष्मा शोधायला आत गेले.
तेवढ्यात मी कालची नळी खिशात टाकली,
नवी मोडली,
अर्धी मोरीत सांडली,
कपात उभी केली,
आणि तीच टोपी तिच्यावर नीट बसवली.