प्रसूतीनंतरच्या तीन भेटी

करारात लिहिलं होतं: प्रसूतीनंतर तीन भेटी.
पैसे जितेशने आधीच पाठवलेले, फोनवरून,
खाली एक हसरा चेहरा.

त्या रात्री ऐरोलीच्या दवाखान्यात
डॉक्टरांनी पोटावरचा पट्टा सरकवला, पुन्हा सरकवला,
मग मशीनचा आवाज बंद केला.
त्यानंतरही अकरा तास कळा होत्या.
कुणी सांगत नाही, की कळा थांबत नाहीत,
की बळ तेवढंच लागतं,
की मी तेच म्हणायचं असतं जे नेहमी म्हणते:
श्वास सोड, खांदे सैल, माझ्याकडे बघ.
फक्त ‘आता थोडंच राहिलं’
हे एक वाक्य मी गिळलं.

मुलगी. दोन किलो सातशे.
खोलीत एसीची घरघर.
भाविकाने विचारलं, केस आहेत का गं?
आहेत, म्हटलं, भरपूर, ओले, कानांवर आलेत.
मी कोमट पाणी मागितलं.
नर्स माझ्याकडे बघत राहिली, मग दोन भांडी घेऊन आली.
मान सावरून धरली मी, सवयीने,
एक थेंबही डोळ्यांत जाऊ दिला नाही.
मनगटाच्या पट्टीवर ‘बेबी ऑफ भाविका’.
पट्टी मी कापली नाही. सैलच होती, सुटून आली.

जितेश दाराशी, हातात फॉर्म, पेन उठेना.
मी माझं दिलं. अजून त्याच्याकडेच आहे.
पहाटे तो तिला टॉवेलात घेऊन गेला, दोन चुलत्यांबरोबर,
परतला तेव्हा नखांत माती होती.
बेसिनपाशी बराच वेळ उभा राहिला,
नळ न सोडता.

चौथ्या दिवशी गोठिवलीत गेले.
त्या गल्लीत समोरच्या बाल्कनीत हात लांबवून वाटी देता येते,
म्हणजे सगळ्यांना सगळं ठाऊक होतं.
हिराबाय दारातच: ‘आथां कनाला आलीस, बाय?’
आतून भाविका म्हणाली, ताई, दूध आलंय.

दुधाला कुणी कळवलं नव्हतं.

कोबीचा गड्डा मी पिशवीतून आणला होता.
फ्रीजमध्ये गार केला, पानं सुटी केली,
जाड शिरा लाटण्याने चेपल्या.
हिराबायनी जुनं लुगडं फाडलं
आणि माझी गाठ सोडून स्वतःची मारली.
सैल व्हती, म्हणाल्या. मग माझ्यासमोर पाट सरकवला.

दुसऱ्या भेटीत कुणी बोललं नाही.
मी भांडी घासली. करारात नव्हती.

तिसऱ्या वेळी चहा.
हिराबाय कपात ओतत होत्या, बघत होत्या कपातच:
‘माजा पन पयला पोऱ्या जेला. दोन दिसांचा.
तिकरं, मिठागराचे बांधावर पुरला.’
खिडकीतून बोट दाखवलं, टॉवरांच्या मागे,
जिथे आता सेक्टरला नंबर आहे.
‘आथां तिकरं गाऱ्या लावतान.’

नाव काय होतं, मी विचारलं.
विचारावं, असं आम्हाला शिकवलंय,
पण ते शिकवताना कुणी सांगितलं नव्हतं
की उत्तराला चहा थंड होईपर्यंत वेळ लागेल.
नाव आलं. मी इथे लिहीत नाही.
भाविकाने बशी खाली ठेवली.
पाच वर्षं या घरात, आणि आज ऐकत होती.
ती सासूकडे सरकली,
पलंगावर तेवढी जागा नव्हती तरी.
माझ्याकडे दोघींपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं.
चप्पल घालताना बरं वाटलं त्याचं.

रिक्षा त्याच रस्त्याने निघाली.
पिवळ्या रेषांमध्ये गाड्या, एक जागा रिकामी,
बाजूला वॉचमनची खुर्ची, खुर्चीवर त्याचा डबा.
हळू घ्या, मी रिक्षावाल्याला म्हटलं.
समोर खड्डा नव्हता, गतिरोधक नव्हता.
त्याने आरशात पाहिलं
आणि हळू घेतली.