दोनशे शब्दांत

फॉर्म भरला लालगंजच्या झेरॉक्सवाल्याकडे,
काउंटरला कोपर टेकून.
नाव ज्योत्स्ना नत्थूजी निखारे. वय एकेचाळीस.
शिक्षण बारावी. पुढे कंसात नापास लिहिलं,
मग कंस खोडला, नापास राहू दिलं.

प्रश्न सातवा :
आपण नेतृत्व केल्याचा एखादा प्रसंग
दोनशे शब्दांत लिहा.

मागून सतीश ओरडला, ताई, आटपा ना,
रांग लागून रायली.
रांग.
मला नेमका तोच शब्द सापडत नव्हता.

मे महिना, पारा शेहेचाळीसवर,
टँकर एक दिवसाआड, तोही रात्री दीडला.
पाणी माणसाला पाहिजे न् कूलरलाही पाहिजे.
फुलवंतीच्या कपाळावर कोणाचा तरी गुंड बसला,
तीन टाके.
त्या रात्री पोरीच्या दप्तरातून खडू काढला
आणि गल्लीतल्या ड्रमांवर नंबर टाकत गेले,
एक ते त्रेपन्न.
एक नंबर हरबाजींना, त्यांचं अर्धं अंग लुळं.
माझ्या ड्रमाला चौदा आला.

झालं. मोजले तर सत्तर शब्दही भरेनात.
उरलेल्या जागेत काय लिहू, सतीश?
लिवा ना, मी समाजासाठी झटते म्हणून.
ते नाही लिहिलं. जागा कोरी ठेवली.

फोन आला तेव्हा साडीला फॉल लावत होते,
तोंडात सुई.
निवड झाली म्हणाल्या, सहा शनिवार, सिव्हिल लाइन्स, जेवण आहे.
याल ना?
सुईमुळे हो म्हणता आलं नाही, हूं म्हटलं.
कूलरमध्ये पाइप सोडता सोडता नवरा बोलला,
काऊन, नेता होऊन रायली का आता?
त्यालाही हूं.

हॉल इतका थंड की पदर दोन्ही खांद्यांवर घेतला.
अठ्ठावीस जण. गड्डीगोदामचा एक पोरगा,
मोमिनपुऱ्याची फरजाना, एक रिटायर लाइनमन, डोंगरे काका.
एका मिनिटात स्वतःची ओळख सांगायची होती.
माझी चाळीस सेकंद
कोणत्या स्टॉपवर उतरायचं हे सांगण्यातच गेली.

मग मॅडमनी लोकरीचा गोळा काढला.
टोक धरायचं, गोळा दुसऱ्याकडे फेकायचा.
याच्याकडून तिच्याकडे, तिच्याकडून त्याच्याकडे,
बघता बघता जाळं.
बघा, आपण सगळे कसे जोडलेले आहोत!
टाळ्या. फोटो.
आणि जेवायची सुट्टी झाली तेव्हा
तो सगळा गुंता टेबलाखाली.

मी कोष्ट्याची पोर.
आमच्या घरातला माग विकून बावीस वर्षं झाली
पण बोटांना ते कोणी सांगितलेलं नाही.
खाली बसले. गाठ ओढायची नसते,
जिथून आत शिरली तिथून तिला सैल करत यायचं.
फरजानानं न विचारता दोन्ही मनगटं पुढे केली,
गुंडाळ म्हणाली.
डोंगरे काकांना खुर्चीच्या पायापाशी टोक सापडलं.
वरण गार झालं.
मॅडम म्हणाल्या, अहो, राहू द्या, तीस रुपयांची लोकर.
वाया जाते ना बाप्पा, मी म्हटलं.
त्यांनी त्याचाही फोटो काढला.
ते मला आवडलं नाही.

सहाव्या शनिवारी सर्टिफिकेट मिळालं.
माझ्या नावातला अर्धा त गळालेला.
पोरीनं निळ्या पेनानं घालून दिला.

सोमवारी आम्ही पाच बाया झोन ऑफिसात.
बाबूनं चष्म्यावरून बघितलं.
तुमच्यातली लीडर कोण?
चौघींनी माझ्याकडे पाहिलं.
एका मिनिटाची ओळख आता तोंडपाठ होती,
डोंगरे काकांनी घड्याळ लावून घोटून घेतलेली.

म्हटलं, चौदा नंबरचा ड्रम माझा आहे.
एक नंबरवाल्यांना येता येत नाही.
आधी त्यांचं लिहून घ्या.