वरचं

शमुवेल चोपडेची पेटी खड्ड्यात उतरली तेव्हा
पाळकसाहेब म्हणाले, त्या आगीला शेवट नसतो.
कुणाचं नाव घेतलं नाही. गरजही नव्हती.
निम्मं मार्केट यार्ड तिथं उभं होतं
आणि शमूचा काटा सगळ्यांना ठाऊक होता.

एकतीस वर्षं.
गुळाच्या रव्यामागं पाव किलो, कधी अर्धा.
वडणग्याच्या, केर्लीच्या गाड्या लागायच्या
आणि शमूची करंगळी पारड्याखाली,
लाजऱ्या पाहुण्यासारखी.

पण ते नव्हे. काटामारीला कुणी नरक सांगत नाही,
नाहीतर यार्डच्या यार्ड तिकडं हलवावं लागेल.
धाड पडली त्या दिवशी त्याच हातानं
शमूनं हमालाच्या पोराकडं बोट केलं.
सिद्राम. वय एकोणीस.
अकरा महिने कळंबा जेल.
सुटून आला तो बोलणं विसरून,
आणि चौथ्या महिन्यात पंचगंगेच्या घाटावर
त्याच्या चपला सापडल्या, जोडून ठेवलेल्या.

मी वजनमापे खात्यात होतो. सवय जात नाही.
चहाच्या वेळी पाळकसाहेबांना विचारलं,
एका पारड्यात एकतीस वर्षं आणि एक पोरगा,
दुसऱ्यात काय ठेवता?
म्हणाले, ज्याचा अपराध केला तो अनंत,
म्हणून अपराधही अनंत.

साहेब, आमच्या कायद्यात
गिऱ्हाईक बघून किलो बदलत नाही.
सरदाराला तोललेला शेर, बुरडाला तोललेला शेर,
शेरच.
आणि थरथरत का होईना,
काटा एका जागी यावा लागतो.
तोवर आकडा लिहायचा नाही, हा पहिला नियम.

गुऱ्हाळाचंही सांगितलं त्यांना.
गुळव्या काहिलीतला थेंब गार पाण्यात सोडतो,
बोटात गोळी वळली की ओरडतो, उतरवा!
पुढं दोन मिनिटं जाळ राहिला तर
गूळ जातो, कोळसा उरतो.
ते म्हणाले, हे गुळाचं झालं.
मी बशी ठेवली.

भिंतीला टेकून मालव्वा उभी होती, सिद्रामची आई.
यार्डाच्या दारात लसूण विकते, हातात तागडी घेऊन.
तुम्ही कशा इथं, म्हणालो.
"मोजाय आले," म्हणाली.

"त्येला अकरा म्हैनं पायजे हुतं. आत. फरशीवर निजून.
मग माज्या लेकराचं आयुष्य.
सत्तर धरा, ऐंशी धरा, मी घासाघीस करत न्हाई.
तेवढं झालं की सोडा म्हणावं.
वरचं नगं मला.
वरचं घेतलं तर ते माज्या नावावर चढंल."

पदर खोचून ती फाटकाकडं गेली.
खड्डा भरत आला होता, फावडी अजून चालू होती.
मला कुणी काही विचारलं नाही.

शमूच्या त्या काट्यावर दरसाल शिक्का माझा असायचा.
तीनशे रुपये आणि एक पिवळाधमक रवा.
पोरं बोटं चाटून खायची,
बायको म्हणायची, पगाराच्या वरचं आलं वाटतं.
धाड पडली तेव्हा मी रजेवर होतो.
रजा मीच टाकली होती, आदल्या संध्याकाळी.

तेव्हा अनंत हा शब्द मला परवडत नाही,
हे आधी कबूल करतो.
माझं मत त्यामुळं बाद होत असेल तर होऊ दे.
पण रात्री वहीत मांडायला बसतो:
सिद्रामचे अकरा महिने, त्यात माझे किती?
चार लिहितो, खोडतो. सहा लिहितो.
त्या चपलांपाशी आलो की पेन थांबतं
आणि बाहेर कुणाचा तरी पंप सुरू होतो.

उद्या सकाळी लसूण आणायला जाईन म्हणतो.
पाव किलो.
आधी सगळं सांगेन तिला,
मग तागडी तिच्या हातात.
मी फक्त उभा राहीन समोर,
करंगळी दिसेल अशी.