आवाज भरणारी

मी टिली ओर्लोव्ह. अ‍ॅस्टोरिया, न्यूयॉर्क, चौथा मजला.
मांजर मी काढत नाही, पक्षीही नाही.
ते लेस्टर काढतो. तो दोन कंपन्यांत राबतो,
म्हणून त्याच्या मांजराला कधी चार मिशा, कधी सहा.
मी फक्त आवाज भरते.

फटॅक्. सुंईऽऽऽ.
डोक्यावर पियानो पडला तर धण्ण,
आणि एखादी तार मागाहून तुटली तर, कोपऱ्यात, टिंग.
ती टिंग माझी. लेस्टरला सुचली नव्हती.
पानाला दीड डॉलर मिळतो,
टिंग मी फुकट दिली.

नऊ वर्षं ग्रबर त्या निकलच्या मागे आहे.
निकल म्हणजे नाण्याएवढी चिमणी,
डोक्यावर बाटलीचं बूच, टोपी म्हणून.
तिनं त्याला तोफेत बसवलं, इस्त्रीखाली झोपवलं,
एकदा तर त्याच्याच शेपटीचा टेलिफोन करून
त्यालाच कळवलं, साहेब, तुमच्याकडे चिमणी नाही.
"राँग नंबर," म्हणाला, आणि माफी मागितली.
उडत्या पाखराची पिसं मोजायला निघालेला ग्रबर
दर वेळी सातव्या पिसाला कड्यावरून खाली.
धप्प. जाड टाकानं, अक्षरांना भेगा.

फिंकसाहेबांचा नियम भिंतीवर टाचलाय:
मांजर उपाशी. पक्षी हसरा. रक्त नाही.
खाली कुणीतरी पेन्सिलीनं: पगारवाढही नाही.

जूनमधल्या एका सकाळी
खिडकीबाहेरच्या लोखंडी जिन्यावर
कपुस्ताबाईंचं मांजर बसलं होतं. एक डोळा, सुटलेलं पोट.
कठड्यावर चिमणी, माझ्या पावाचा कण टिपत.
म्हटलं, बघू आता,
कुठून येते तोफ.

मांजर नीट उठलंही नाही. नुसतं पुढे सरकलं,
जसं कुणी टेबलावरचं मीठ जवळ ओढावं.
मग कठड्यावर फक्त पावाचा कण.

मी कान लावला. धंद्याची सवय.
रेडिओवर कांद्याचे भाव, खाली भंगारवाला.
त्या गोष्टीचा म्हणून आवाज नव्हता.
लिहिण्यासारखं एक अक्षर नाही.

त्या दिवशी पान अकरा: ग्रबर झेपावतो,
निकल वाकते, भिंत. लेस्टरनं तारे काढलेले,
मधे माझ्यासाठी दातेरी पांढरी जागा.
मी ती तशीच पाठवली.

"टिली, इथे भिंत आहे."
आहे.
"मांजर तिच्यावर आपटतंय."
आपटतंय.
"मग?"
शाई संपली, म्हटलं.

ऑगस्टमधे अंक आला. दुकानात उभ्यानं पाहिला.
साहेबांनी स्वतः लिहिलं होतं: धाड.
धा मोठा, ड चेंगरलेला,
जसा सोफा दारात अडकावा.
शेजारचा पोरगा त्याच पानावर
आइस्क्रीम गळेपर्यंत हसत होता.
मी दहा सेंट मोजले, घरी आणून तो ड सुधारला.

कपुस्ताबाईंच्या मांजराच्या गळ्यात घंटा बांधावी म्हणते.
बांधणार कोण, हा जुनाच प्रश्न.
माझा वेगळा आहे:
वाजली तर लिहू काय?
टिंग तर मी देऊन बसलेय.