पुरावा क्रमांक सतरा

चौकशी समिती नवव्या दिवशी कारखान्यात गेली.
तोवर जमीन धुऊन झाली होती.
रेलिंगचा पिवळा रंग इतका ताजा
की साहेबांच्या बाहीला लागला,
मॅनेजर स्वतः रॉकेलचा बोळा घेऊन धावला.
मी वहीत टिपलं : स्थळपाहणी, अकरा वाजून दहा.
रंगाचं कुणी सांगितलं नाही, म्हणून टिपलं नाही.

दांडिया बाजारातून रोज कोठी कचेरीत येते मी.
घरात मराठी, टेबलावर गुजराती,
कंपनीचे कागद इंग्रजीत,
आणि रामसनेही बिंद, वय चोवीस, हेल्पर, ठेकेदाराचा माणूस,
भाजलेला हात दुसऱ्याचा असल्यासारखा मांडीवर ठेवून
बोलला ते त्याच्या गावच्या वळणाने.
"पहले सीटी बजी, साहब. फिर सीटी बंद.
फिर अर्जुनभाई चिल्लाए."
काय ओरडला, साहेबांनी विचारलं.
त्याने सांगायला तोंड उघडलं
आणि ते उघडंच राहिलं.

लघुलिपीत वेग आला की स्वर गाळायचे असतात,
व्यंजनांवरून शब्द ओळखता येतो.
किंकाळीत नुसते स्वरच असतात.
माझी पेन्सिल तशीच उभी.

मग गॅसमोजणीचं रजिस्टर आलं.
दर दोन तासांनी वेळ, सही, शून्य.
शून्य शून्य शून्य, एकाच पेनाने, एकाच उतारावर.
अपघात गुरुवारी झाला, दुपारी.
शून्यं रविवारपर्यंत भरलेली.
साहेबांनी पान उलटलं, परत मागे आणलं, चष्मा काढला.
चहा आला.
अहवालात ते परिशिष्ट 'छ' मध्ये आहे, तळटीप अकरा :
'नोंदींमध्ये काही विसंगती आढळते.'

दोनशे बारा पानं टाइप केली मी.
'मानवी' हा शब्द एकदाच आला,
त्याच्या पुढे 'चूक'.
व्हॉल्व्ह अर्जुन पढियारने उघडला असावा.
'असावा'पाशी साहेब जरा अडले,
मग म्हणाले, राहू दे.

कपिलाबेन आली ती भरपाईसाठी नव्हे.
चेक नावातल्या चुकीमुळे बँकेत अडकला होता,
त्याचं ती काहीच बोलली नाही.
"साइकल क्यां छे?"
तो रणोलीहून सायकलने यायचा.
स्टँडवर कुलूप लावलेलं, किल्ली खिशात,
आणि खिसा...
मी म्हटलं, बघते.

कंपनी म्हणाली, ठेकेदाराचा दाखला आणा.
ठेकेदार म्हणाला, सायकल माझ्या मस्टरवर नाही.
तेव्हा मला शहाणपण सुचलं.
पुराव्यांच्या यादीत सोळा वस्तू होत्या,
गॅस्केटचा तुकडा, हेल्मेटचा पट्टा वगैरे.
सतरावी मी घातली : सायकल, काळी, नग एक.
मुद्देमाल झाला की भंगारात जाणार नाही,
प्रकरण मिटलं की रीतसर परत.
साहेबांनी न वाचता सही केली.
त्यांच्या न वाचण्याचा तेवढा एकदाच मला आनंद झाला.

प्रकरण मिटलं नाही.
अहवालावर अभिप्राय, अभिप्रायावर खुलासा,
साहेब गांधीनगरला गेले, दुसरे आले, तेही गेले.
सायकल आमच्या तळघरातल्या रेकॉर्डखोलीत,
हँडलला लाखेचं सील,
हे सातवं वर्ष.

दिवाळी झाली की कपिलाबेन यायची.
यंदा मुलगा आला, मिसरूड फुटलेला, मोटारसायकलवरून.
म्हणाला, बाने विचारायला सांगितलंय.
मी म्हटलं, आहे, नीट ठेवलीय.
तो बरं म्हणाला
आणि तरी थोडा वेळ उभा राहिला.

महिनाअखेरीला शिपाई जेवायला गेला
की मी खाली उतरते. पंप घरून आणलाय.
पुढचं चाक ठीक आहे.
मागच्यात हवा टिकत नाही, कुठेतरी बारीक गळती आहे.
कान लावला तर सीटी ऐकू येते.
कुठून, ते अजून सापडलेलं नाही.