हॅलबरो ते थॉर्पवेल, पायी

बसने अकरा मिनिटं.
आयव्ही टेबटला लागतात पावणेतीन तास,
गुडघा शहाण्यासारखा वागला तर.

दर मे महिन्यात एकदा.
पिशवीत छाटणीची कात्री, चीजचं सँडविच
आणि तो नकाशा, घड्यांवर विरलेला.
हिरवी तुटक रेघ
नेमकी पुसली गेलीय ओढ्यापाशी.
ओढा तिला पाठ आहे.

वडील याच वाटेने जायचे बुटांच्या कारखान्यात,
भोंग्याच्या आधी, काळोखात,
दुसऱ्यांच्या बुटांचे तळ शिवायला.
त्यांच्या स्वतःच्या बुटांना वर्षभर हीच माती.

वाटेला पाय लागले नाहीत
तर ती कागदावरूनही जाते, आयव्ही म्हणते.
कुणाला म्हणते? काटेरी झुडपाला,
ज्याची एक फांदी तिने आत्ताच छाटली.

पुढे शेत. वाट नांगराखाली गेलेली.
नव्या मालकाची पाटी: कडेकडेने जावे.
ती वाचते. चष्मा पुसून पुन्हा वाचते.
मग समोरच्या चर्चच्या मनोऱ्यावर नजर ठेवून
गुडघाभर गव्हात सरळ शिरते,
माफी मागत.
गव्हाची. मालकाची नाही.

शेवटच्या कुंपणाशी मात्र थबकते.
चढून ओलांडायच्या त्या दोन फळ्या
गायब.
त्यांच्या जागी फाटक, नवं, बिजागऱ्यांना तेल,
एका बोटाने उघडणारं.
कुणी बसवलं, कुणाचा गुडघा बघून,
विचारायला आसपास फक्त मेंढ्या.

तिला जरा रागच येतो.
पलीकडे जाऊन कडी लावते,
लागली का, दोनदा बघते.

परतताना बस.
काचेला कपाळ टेकून ती शोधते
गव्हात आपण पाडलेली ओळ.
दिसत नाही.
एका वळणावर दिसते.