प्रश्न क्रमांक सात

सातवा प्रश्न साधा होता:
'गेल्या चार आठवड्यांत जिना चढताना
तुम्हाला किती वेळा धाप लागली?'
मासेरूच्या सभागृहात सहा तज्ज्ञ,
सहाही जणांनी त्याला चारपैकी चार दिले.
आशयवैधता: एक पूर्णांक शून्य शून्य.
आकडा मीच फळ्यावर लिहिला
आणि खाली दोन रेघा ओढल्या.

मोखोटलाँगच्या वर, जिथे जीपसुद्धा हात टेकते
तिथून पुढे पायी.
न्ताते सेखोबे ब्लँकेट पांघरून उन्हात बसलेले.
सव्वीस वर्षं सोन्याच्या खाणीत.
सोनं दुसरीकडे गेलं, धूळ छातीत राहिली.
लिम्फोने प्रश्न सेसोथोत वाचला.
त्यांनी आजूबाजूला पाहिलं:
गोल भिंत, गवताचं छप्पर, डोंगर.
'जिना?
खाली जाताना पिंजरा होता,
वर येताना पिंजरा होता.'
मग पाहुण्याचं मन राखायला म्हणाले,
'लिही. शून्य वेळा.'

म्हणजे आमच्या कागदावर
या उतारावरचा सगळ्यात ठणठणीत माणूस
जो प्रत्येक वाक्याच्या मधोमध थांबत होता,
ओझं खाली ठेवून पुन्हा उचलल्यासारखा.
मापात पाप नेहमी
काटा मारणाऱ्याच्या हातात नसतं.
कधी वजनंच परगावची असतात.

विचारलं, आम्ही काय विचारायला विसरलो?
हे शेवटी विचारायचंच असतं,
बहुतेक लोक 'काही नाही' म्हणतात.

ते बराच वेळ गप्प.
मग दोन बोटं ओठांत घालून
शिट्टी मारली.
नुसती हवा आली,
विझत्या चुलीवर फुंकर घालावी तशी.
समोर चरणाऱ्या तांबड्या घोड्याने
मानसुद्धा वर केली नाही.
'दोन हिवाळे झाले,' ते म्हणाले,
'आता नातवाला पाठवतो.'

आमचे कागदी घोडे पिशवीत घालून
आम्ही उतरलो.
सातवा खोडला. लिहिलं:
'लांबच्या जनावराला शिट्टी मारून बोलावता येतं का?'
दुसऱ्या फेरीत चौघांनी चार दिले, एकाने तीन.
फुप्फुसांच्या मोठ्या डॉक्टरांनी एक,
आणि समासात: 'असंबद्ध.'
पाच भागिले सहा, शून्य पूर्णांक त्र्याऐंशी.
प्रश्न तगला.

या वेळी आकड्याखाली रेघ ओढली नाही.
बायकांना विचारायचं राहिलंय अजून.
त्या शिट्टी मारत नाहीत,
लिम्फो म्हणते.